कार्डिफच्या संगमरवरी दालनात नसलेली वेल्श माणसे

डोंगरवाट (धागाकर्ती):

आज १ मार्च, म्हणजे वेल्सचे संत डेव्हिड यांची पुण्यतिथी. वेल्श भाषेत त्यांच्या नावाचा उच्चार ‘देवी’ असा होतो, आणि मराठी कानाला तो पहिल्यांदा ऐकताना फार जवळचा वाटतो. मला वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, राहायला येऊन आता एकोणीस वर्षे झाली. आज सकाळी आमच्या गल्लीतल्या लहान मुली काळी उंच टोपी आणि लाल शाल अशा पारंपरिक वेशात शाळेत गेल्या आणि मुलांच्या कोटांवर पिवळी डॅफोडिल होती. ‘लहान लहान गोष्टी नीट करीत राहा’ असे संत डेव्हिड यांनी शेवटच्या प्रवचनात सांगितले, अशी परंपरा आहे, आणि ते वाक्य इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते.

कार्डिफच्या सिटी हॉलमध्ये जिना चढून गेले की एक संगमरवरी दालन लागते. तिथे वेल्सच्या इतिहासातील थोर म्हणून निवडलेल्या अकरा व्यक्तींचे पुतळे उभे आहेत. वर्तमानपत्रातून लोकांची मते मागवून नावे ठरवली गेली आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या हस्ते अनावरण झाले. पुढच्या दोन महिन्यांत तेच ब्रिटनचे पंतप्रधान झाले. अकरांत संत डेव्हिड आहेत, दहाव्या शतकात वेल्सचे कायदे एकत्र आणणारा राजा हवेल दा आहे, १४०० साली इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठाव करून १४०४ मध्ये माखनलेथ येथे वेल्सची संसद भरवणारा ओवाइन ग्लिनदूर आहे आणि १५८८ मध्ये संपूर्ण बायबल वेल्श भाषेत आणून त्या भाषेला लिखित गद्याचा पाया देणारे बिशप विल्यम मॉर्गन आहेत. स्त्री मात्र एकच, राणी बुडिका, आणि तीही आजच्या पूर्व इंग्लंडमधल्या जमातीची. अकरांतला आणखी एक पुतळा थॉमस पिक्टनचा. ट्रिनिडादचा गव्हर्नर असताना एका अल्पवयीन मुलीच्या छळाला मंजुरी दिल्याबद्दल त्याच्यावर लंडनमध्ये खटला चालला होता. २०२० साली त्या पुतळ्याभोवती लाकडी फळ्या ठोकून तो झाकण्यात आला.

त्या दालनातून बाहेर पडताना मला दर वेळी तिथे नसलेली माणसेच अधिक आठवतात. हा धागा त्यांच्यासाठी आहे.

माझ्या यादीतले पहिले नाव अनायरिन बेवन, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे. जन्म १८९७ चा, ट्रेडीगर नावाच्या कोळसा आणि लोखंडाच्या गावातला. वडील खाणकामगार, आणि बेवन स्वतःही तेराव्या वर्षी खाणीत उतरले. लहानपणी ते अडखळत बोलत. एखादा शब्द अडला तर त्याच अर्थाचा दुसरा चटकन हाताशी असावा म्हणून त्यांनी शब्दांचा अफाट साठा केला, आणि गावातल्या कामगारांच्या वाचनालयाने त्यांना तो पुरवला. पुढे पार्लमेंटात चर्चिल यांच्यासमोर तासन्‌तास उभा राहणारा वक्ता त्यातून घडला. १९२५ साली त्यांचे वडील कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने त्यांच्या हातांत गेले. त्या आजाराला तेव्हा नुकसानभरपाईही मिळत नसे.

ट्रेडीगरच्या कामगारांनी मात्र आपल्यापुरती एक व्यवस्था केव्हाच उभी केली होती. मजुरीतल्या दर पौंडामागे तीन पेनी बाजूला काढायचे आणि त्या वर्गणीतून गावाचे डॉक्टर, औषधे आणि रुग्णालय चालवायचे, असा त्यांच्या वैद्यकीय साहाय्य संस्थेचा शिरस्ता होता. तरुण बेवन तिथल्या रुग्णालय समितीवर होते. १९४५ मध्ये आरोग्यमंत्री झाल्यावर त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेची आखणी केली, ५ जुलै १९४८ रोजी ती सुरू झाली, आणि ट्रेडीगरला एका पिढीपासून जे मिळत आले आहे तेच आपण साऱ्या देशाला देत आहोत, असे ते स्वतः म्हणत असत.

ट्रेडीगरच्या वरच्या माळावर त्यांच्या स्मरणार्थ चार शिळा उभ्या केल्या आहेत, मधली मोठी बेवन यांची आणि भोवतीच्या तीन त्यांच्या मतदारसंघातल्या तीन गावांच्या. गेल्या वर्षी मी तिथे गेले तेव्हा वारा इतका होता की शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावे लागत होते, आणि बेवन याच माळावर उघड्यावर सभा घेत. मोठी शिळा एकटी असती तर ते स्मारक मला इतके खरे वाटले नसते. वेल्समध्ये मोठ्या माणसाच्या पाठीशी बहुतेक वेळा एखादी वर्गणी, चॅपेलमधली रविवारची शाळा किंवा कवितेची स्पर्धा उभी असते, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय त्या माणसाची ओळख पुरी होत नाही.

आपणही एकेक नाव लिहावे. मात्र त्या व्यक्तीला घडवणारे गाव, घर किंवा संस्था यांचाही उल्लेख करावा, एवढी विनंती आहे.

गणितमास्तर:

डोंगरवाटताई, धागा वाचून फार आनंद झाला. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि त्या काळात फळ्यावर जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा काढले असेल ते एका वेल्श माणसाचे आहे. रॉबर्ट रेकॉर्ड हे दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावरील टेन्बी गावचे. ते व्यवसायाने वैद्य होते आणि विद्वान मंडळी लॅटिनमध्ये लिहीत असताना त्यांनी गणिताची पुस्तके सामान्य माणसाला कळेल अशा इंग्रजीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिली. १५५७ साली छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हापुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी त्यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा वापरल्या आणि कारण दिले की कोणत्याही दोन गोष्टी याहून अधिक सारख्या असू शकत नाहीत. त्या छापील पानाचे चित्र पाहिले तर रेघा आजच्यापेक्षा कितीतरी लांब दिसतात, जणू आगगाडीचे रूळच. पुढच्याच वर्षी, एका बड्या सरदाराने लावलेल्या बदनामीच्या दाव्यात दंड भरता न आल्याने, ते लंडनच्या तुरुंगात वारले. आपले चिन्ह जगभर जाणार आहे याची त्यांना कल्पनाही नसावी.

दुसरे चिन्ह पायचे. परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ते अक्षर १७०६ साली प्रथम वापरणारे विल्यम जोन्स हे उत्तरेकडील अँगलसी बेटावरच्या एका लहान शेतकऱ्याचे पुत्र. त्यांनी काही काळ आरमाराच्या जहाजावर गणित शिकवले आणि पुढे न्यूटनचे लेखन छापून आणण्यात त्यांचा हात होता. त्यांचे चिरंजीव सर विल्यम जोन्स. १७८४ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे, ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर करणारे आणि १७८६ च्या भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे सांगणारे ते हेच. वडिलांचे चिन्ह भूमितीच्या तासाला आणि मुलाचे भाषण भाषाशास्त्राच्या पहिल्या धड्यात येते, असे दुसरे घराणे मला ठाऊक नाही.

पूर्वरंग:

मास्तर, माहिती उत्तम आहे, पण एक शंका विचारतो. धाकट्या जोन्सांचा जन्म लंडनचा, वडील ते तीन वर्षांचे असताना गेले. त्यांना वेल्श म्हणायचे कशाच्या आधारावर? उलट, ज्यांचा उत्क्रांतीवरील निबंध डार्विन यांच्या लेखनासोबत १ जुलै १८५८ रोजी वाचला गेला, ते आल्फ्रेड रसेल वॉलेस वेल्समधल्या अस्क गावाजवळ जन्मले, पण त्यांचे कुटुंब इंग्लिश होते. यांपैकी कोणाला यादीत घ्यायचे, याचा निकष आधी ठरायला हवा.

डोंगरवाट:

पूर्वरंग, शंका अगदी रास्त आहे. जन्मस्थानाचा निकष लावला तर लॉइड जॉर्ज यांनाही वगळावे लागेल, कारण त्यांचा जन्म मँचेस्टरचा. वडील लवकर गेल्यावर उत्तर वेल्समधल्या एका खेड्यात त्यांच्या मामांनी त्यांना वाढवले. मामा चपला-बूट शिवत आणि चॅपेलमध्ये प्रवचन करीत. भाचा वकील व्हावा म्हणून त्याला शिकवताना लागेल ती भाषा ते आधी स्वतः शिकले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती असे ब्रिटनचे ते एकमेव पंतप्रधान. सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना १९०९ पासून जे निवृत्तिवेतन मिळू लागले त्याचा कायदा त्यांनी पार्लमेंटातून नेला. म्हणून मी जन्मापेक्षा जडणघडण पाहते. वॉलेस यांच्याबद्दल म्हणाल, तर ते तरुणपणी वेल्समध्ये जमीनमोजणीचे काम करीत आणि नीथच्या परिसरात फिरताना त्यांना वनस्पती व कीटक गोळा करण्याचा नाद लागला. त्यांना मी आनंदाने घेईन. धाकट्या जोन्सांबद्दल मात्र तुमचे म्हणणे मला पटते. त्यांना वडिलांच्या नावाखाली ठेवू.

वैद्यकन्या:

माझ्या आईचा जन्म मुंबईच्या कामा हॉस्पिटलातला, आणि त्या इमारतीच्या कथेत एक वेल्श स्त्री आहे हे मला डॉक्टर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी कळले. म्हणून मी सुचवते ते नाव फ्रान्सिस हॉगन.

त्या १८४३ मध्ये वेल्समधल्या ब्रेकन गावी जन्मल्या. ब्रिटनमधली वैद्यकीय विद्यालये स्त्रियांना दारात उभे करीत नव्हती, म्हणून त्या झुरिकला गेल्या आणि १८७० साली तिथून एम. डी. झाल्या, वेल्समधून आलेल्या त्या पहिल्या स्त्री डॉक्टर. परत आल्यावरही मायदेशी नोंदणीसाठी त्यांना १८७७ पर्यंत वाट पाहावी लागली. ही सात वर्षे मला पदवीहूनही बोलकी वाटतात, कारण हातात विद्या असूनही नावापुढे अधिकृत शिक्का नसलेल्या डॉक्टरला रोज किती ठिकाणी स्वतःला सिद्ध करावे लागत असेल, याची थोडीशी कल्पना या व्यवसायातल्या प्रत्येक बाईला असते.

१८८२ मध्ये त्यांनी ‘कंटेम्पररी रिव्ह्यू’ या मासिकात हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांची स्वतंत्र सेवा हवी, असा लेख लिहिला. पुरुष वैद्याने तपासणे घरच्यांना मान्य नसल्यामुळे असंख्य बायका उपचाराविना राहत होत्या, हा त्यातला कळीचा मुद्दा. मुंबईत राहणारे अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांच्या वाचनात तो आला, त्यांनी सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासह निधी उभारायला सुरुवात केली, आणि त्यातून १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पीची मुंबईत दाखल झाल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले स्त्रियांचे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. हॉगनबाईंचा वाटा एका लेखाचा, हे मला मान्य आहे. पैसा पारशी दात्यांचा, कष्ट पीचीबाईंचे. तरीही काय हवे आहे ते इतक्या नेमकेपणाने मांडणे हेही काम आहे, आणि ते त्यांनी केले.

मातीचीभाषा:

डोंगरवाटताईंनी गाव आणि घर सांगायला सांगितले आहे, म्हणून थॉमस जोन्स या मिशनऱ्याचे नाव लिहितो. मध्य वेल्समधल्या एका सुताराचे हे पुत्र २२ जून १८४१ रोजी पत्नीसह चेरापुंजीला पोहोचले. तिथल्या खासी लोकांच्या भाषेला स्थिर अशी लिपी नव्हती. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी बंगाली लिपीत केलेला प्रयत्न फारसा रुजला नव्हता. जोन्स यांनी रोमन अक्षरे घेतली, पण ती इंग्रजी पद्धतीने लावली नाहीत. ती त्यांनी आपल्या वेल्श कानाने लावली.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीत माझी बदली शिलाँगला झाली होती, तेव्हा आमच्या घरमालकांची चार वर्षांची नात व्हरांड्यात बसून मुळाक्षरे घोकायची. ‘ए, बी, के, डी’ असे तिने म्हटले की मला वाटायचे पोर चुकते आहे, आणि मी एकदा तिला ‘सी’ सांगायलाही गेलो. तिच्या आजीने मला समजावले की त्यांच्या वर्णमालेत ‘सी’ नाहीच. वेल्शमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’ असाच होतो, म्हणून खासीमध्ये त्याच जागी ‘के’ आले. तसेच ‘जी’नंतर लगेच ‘ङ’ या उच्चाराचे जोडाक्षर येते, तेही वेल्श वर्णमालेच्या क्रमानेच. जोन्स यांचे पुढे मिशनशी बिनसले, खासी लोकांना लुबाडणाऱ्या एका वजनदार व्यापाऱ्याशी त्यांनी उघड वैर घेतले, आणि १८४९ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते कलकत्त्यात वारले. १८५६ मध्ये पाँटिप्रिद गावातल्या एका पितापुत्रांनी वेल्सचे राष्ट्रगीत रचले. त्याच चालीवर आज खासी लोक आपले गीत म्हणतात. शिलाँगच्या एका शाळेच्या मैदानावर मी ते ऐकले आहे.

पूर्वरंग:

मातीचीभाषा, व्हरांड्यातला प्रसंग फार आवडला. तरी एक बाजू नोंदवणे मला आवश्यक वाटते. मिशनऱ्यांबरोबर अक्षरे आली तसा धर्मप्रसारही आला, आणि आपला मूळ धर्म व चालीरीती टिकवण्यासाठी खासी तरुणांना १८९९ मध्ये ‘सेंग खासी’ ही संस्था काढावी लागली. गौरव करताना हे झाकले जाऊ नये. पिक्टनचा पुतळा फळ्यांनी झाकावा लागला, कारण आधी शंभर वर्षे त्याचे कृत्य झाकून ठेवले होते.

मातीचीभाषा:

पूर्णपणे सहमत आहे. माझे घरमालक स्वतः ‘सेंग खासी’चे होते. त्यांच्या घरात खासी धर्माच्या प्रार्थना चालत, आणि त्या लिहून ठेवलेल्या वहीत अक्षरे थॉमस जोन्स यांचीच होती. त्या कुटुंबाला यात विसंगती वाटत नसे. आलेल्या अक्षरांतून काय लिहायचे हे आम्ही ठरवले, असे ते म्हणत.

तारायंत्र:

एक नाव थोडक्यात जोडतो. डोनाल्ड डेव्हिस, जन्म १९२४, ऱ्हाँडा खोऱ्यातले ट्रिऑर्की गाव. वडील कोळसा खाणीत कारकून होते आणि मुलाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच वारले. संगणकांमधले लांबलचक संदेश लहान लहान तुकड्यांत फोडून ते स्वतंत्रपणे पाठवायचे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा जोडायचे, ही कल्पना त्यांनी १९६५ च्या सुमारास मांडली आणि त्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव दिले. अमेरिकेत पॉल बरन यांनी स्वतंत्रपणे तशीच कल्पना मांडली होती, पण नाव टिकले ते डेव्हिस यांचे. माझ्या नोकरीत दिवसभर हाच शब्द तोंडात असतो, आणि हा प्रतिसादही तुमच्यापर्यंत तशाच पाकिटांतून पोहोचणार आहे.

डोंगरवाट:

सर्वांचे मनापासून आभार. सिटी हॉलमधल्या एकुलत्या एका बुडिकेची खंत मी वर लिहिली होती, म्हणून दोन स्त्रियांची नावे मीच जोडते.

पहिली सारा जेन रीस, जिला वेल्स ‘क्रानोग्वेन’ या टोपणनावाने ओळखते. १८३९ मध्ये लानग्रानोग या समुद्रकाठच्या गावात जन्मलेली ही मुलगी शिवणकाम शिकण्याऐवजी हट्टाने बापाच्या जहाजावर गेली, नौकानयनाचे शास्त्र शिकली आणि गावी परतून तरण्या खलाशांना ते शिकवू लागली. १८६५ च्या राष्ट्रीय आइस्तेद्वोदमध्ये, म्हणजे वेल्श काव्य-संगीताच्या वार्षिक महोत्सवात, तिने नामवंत पुरुष कवींना मागे टाकून बक्षीस मिळवले. कविता होती लग्नाच्या अंगठीवर, आणि तिने स्वतः कधी लग्न केले नाही. पुढे तिने स्त्रियांसाठी वेल्श मासिक चालवले. २०२३ मध्ये तिचा पुतळा तिच्याच गावात उभा राहिला.

दुसऱ्या बेटी कॅम्पबेल. कार्डिफच्या गोदीजवळच्या, जगभरच्या खलाशांनी वसवलेल्या वस्तीत १९३४ मध्ये त्या जन्मल्या. मुख्याध्यापिका होण्याची इच्छा बोलून दाखवली तेव्हा, तुझ्यासारख्या कामगार घरातल्या कृष्णवर्णीय मुलीला ते जमणार नाही, असे त्यांच्या शिक्षिकेने सांगितले होते. त्या वेल्समधल्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका झाल्या, आणि तेही आपल्याच वस्तीतल्या शाळेत. सप्टेंबर २०२१ मध्ये कार्डिफच्या मध्यवर्ती चौकात त्यांचे स्मारक उभे राहिले. वेल्समध्ये उघड्यावर उभारलेला, इतिहासातल्या खऱ्या आणि नाव असलेल्या स्त्रीचा तो पहिला पुतळा. रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की तो समोरच दिसतो. त्यांच्या चेहऱ्याखाली मोठ्या वृक्षाचा आकार घेतला आहे आणि त्याच्या आसऱ्याला लहान मुले आहेत. ब्राँझची ती मुले आपल्या मुलांच्या उंचीवर येतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यावर हात फिरवल्याशिवाय कोणतेही मूल पुढे जात नाही.

अक्षरवेल:

आइस्तेद्वोदचा उल्लेख निघाला, म्हणून कवी हेद् विन यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्यांचे खरे नाव एलिस इव्हान्स. उत्तर वेल्समधल्या त्राउस्व्हनिद गावाजवळच्या ‘अर अस्गुर्न’ या शेतघरात ते वाढले, मेंढ्या राखत आणि कविता करीत. औपचारिक शिक्षण बेताचेच, पण वेल्श छंदांचे कडक नियम त्यांनी आत्मसात केले होते. सक्तीची सैन्यभरती आली तेव्हा घरातल्या एका मुलाला जाणे भाग होते, आणि धाकट्या भावाऐवजी ते गेले. ‘वीर’ या विषयावरची दीर्घ कविता त्यांनी आघाडीवर असताना पुरी करून टोपणनावाने स्पर्धेला पाठवली. ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये, ईप्रच्या तिसऱ्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ते मारले गेले. वय तीस.

सप्टेंबरमध्ये बर्कनहेड येथे आइस्तेद्वोद भरला. व्यासपीठावर लॉइड जॉर्ज होते, तेच, ज्यांनी आदल्या वर्षी थोरांचे दालन खुले केले होते. प्रथेप्रमाणे तुतारी वाजली आणि विजेत्याला टोपणनावाने उभे राहण्याची हाक देण्यात आली. कोणी उठले नाही. पुन्हा हाक दिली, पुन्हा तेच. मग कवी सहा आठवड्यांपूर्वी रणांगणावर पडल्याचे सांगण्यात आले आणि विजेत्याच्या कोरीव आसनावर काळे वस्त्र पांघरण्यात आले. ते आसन घडवणारा कारागीर बेल्जियममधून आलेला निर्वासित होता, म्हणजे ज्या मातीत कवी पडला त्याच देशाचा.

डोंगरवाट:

अक्षरवेल, मी ते काळे आसन पाहिले आहे. ते कुठल्या राजधानीतल्या संग्रहालयात नेलेले नाही. अर अस्गुर्नच्या शेतघरातच आहे. हेद् विन यांच्या आईने आपल्या नातवाकडून वचन घेतले होते की या घराचे दार येणाऱ्यांसाठी उघडे ठेवायचे. तो नातू, म्हणजे हेद् विन यांचे भाचे जेराल्ड विल्यम्स, आयुष्यभर त्या घरात राहिले, शेती केली आणि येईल त्याला आत बोलावून आसन दाखवीत राहिले. म्हातारपणी त्यांनी घर राष्ट्रीय उद्यानाच्या स्वाधीन केले. २०२१ मध्ये ते गेले. मी गेले त्या दिवशी पाऊस होता, अंगणात मेंढ्या होत्या आणि दार उघडेच होते.